गाठोडं सोडून बघा

वाशीम जिल्ह्यात कॉलेजचं वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेलं असतं. पेरणी आणि प्रवेश एकाच वेळी येतात, त्यामुळे बियाणं-खताला आणि फीला पैसा एकदमच लागतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वर्गातली पोरं वावरात जातात. माल विकून हातात पैसा येईपर्यंत विद्यापीठाची हिवाळी परीक्षा तोंडावर आलेली असते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजार समितीत मात्र बऱ्याच शेतकऱ्यांना त्याच्या खालीच माल द्यावा लागला. या फरकाचा हिशोब बाप घरी करतो, तसा रूमवर राहणारा मुलगाही करतो. त्याच्या मेसचे पैसे त्यातूनच यायचे असतात. अशा वेळी तो पुस्तक उघडून बसला तरी मन हिशोबातच असतं.

मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. हा सहा तालुक्यांचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून चार जिल्हे त्यात आले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरातली पदवीला पोचलेली पहिलीच पिढी आहेत. कुणी तांड्यावरून येतं, कुणी कोरडवाहू शेतीच्या घरातून, कुणी मजुराच्या. पालक-शिक्षक म्हणून माझ्याकडे दरवर्षी काही विद्यार्थी सोपवले जातात. त्यांची एक नोंदवही असते. त्या वहीत हजेरी आणि गुण लिहायचे असतात. मी मात्र त्यापलीकडे मुलांना समोर बसवून विचारते आणि ऐकते.

“लय टेन्शन आहे जी मॅडम,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. हे टेन्शन एकच एक नसतं. चार-सहा निरनिराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या असतात आणि मूल ते आख्खं गाठोडं डोक्यावर घेऊन फिरत असतं. गाठ सोडून वस्तू वेगळ्या केल्या की दिसतं, काही गोष्टी कार्यालयाच्या खिडकीवर सुटणाऱ्या आहेत, काही कुणाशी बोलल्यावर हलक्या होणाऱ्या आहेत आणि काही डॉक्टरांकडेच न्यायच्या आहेत. सगळ्यांवर एकच उपाय लावला की घोटाळा होतो. पैशाच्या अडचणीवर ‘सकारात्मक विचार कर’ हा उपाय नाही, आणि आजारावर ‘मन घट्ट कर’ हाही नाही.

एका कागदावरच्या सहा ओळी

मानोरा भागातल्या तांड्यावरची एक विद्यार्थिनी. तिची ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदलते. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि धाकटा भाऊ, ही गावात मुलींसोबत रूम करून राहिलेली. हिवाळी परीक्षेच्या निकालानंतर ती वर्गात दिसेना. मैत्रिणीकडून निरोप धाडला तेव्हा आली, खुर्चीच्या कडेवर बसली.

“काय झालं गं?”

“काई नाई जी.”

“मग वर्गात का येत नाहीस?”

बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मले नाई जमत मॅडम. मी शिकाच्या लायकीचीच नाई.”

मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत डोक्यात जे जे येतं ते लिही, एका ओळीत एकच गोष्ट. तिने लिहिलं: स्कॉलरशिप आली नाही. इंग्रजीचा पेपर बॅक राहिला. रूमवरच्या मुली बोलत नाहीत. आजी म्हणते स्थळ आलं आहे. वर्गात काही विचारलं की घाम फुटतो. रात्री झोप येत नाही.

‘लायकी’ हा शब्द त्या सहा ओळींत कुठेच नव्हता. मी तिला ते दाखवलं.

पहिली ओळ आम्ही त्याच दुपारी हातात घेतली. कार्यालयातल्या बाबूंनी शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर तिचा अर्ज उघडला. अर्ज मंजूर होता, पण बँक खात्याला आधार जोडलेलं नसल्याने पैसे जमा होत नव्हते. अर्ज नाकारला गेला असं समजून पोरीने कितीतरी रात्री काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती बँकेत जाऊन फॉर्म देऊन आली. स्थळाच्या बाबतीत मी तिच्या वडिलांना फोन लावला. मागे फडातला गलका ऐकू येत होता. ते म्हणाले, “शिकू द्या जी तिले. आजीले मी सांगतो.” मुलगी शेजारी बसून ऐकत होती. बापाचं मत काय आहे हे तिने कधी विचारलंच नव्हतं; आजीचा शब्द हाच घराचा शब्द असं तिने धरलं होतं.

उरलेल्या ओळी एवढ्या लवकर सुटल्या नाहीत. इंग्रजीसाठी उन्हाळी परीक्षेची तयारी करावी लागली, रूम बदलावी लागली आणि झोपेसाठी डॉक्टरांना दाखवावं लागलं. पण कोणती ओळ कुठे न्यायची हे तिला कळलं, आणि तेवढ्याने ती परत वर्गात येऊ लागली.

खिडकीवर सुटणारं

गाठोड्यातला पहिला ढीग पैशाचा. मनाच्या त्रासाबद्दल लिहिताना हा विषय बाजूला ठेवायची पद्धत आहे. आमच्या जिल्ह्यात ती चालणार नाही. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. पदवीला आलं की पास सवलतीचा असला तरी पैसे मोजावे लागतात. मुलगी एकदम अनियमित झाली तर मी आधी पासचं विचारते.

म्हणून प्रत्येक मुलाला आणि पालकाला काही नावं तोंडपाठ हवीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. इतर मागासवर्ग आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं व्यावसायिक अभ्यासक्रमाला असतील तर त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. जुलै २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, पात्र प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रत्येक योजनेला अटी आहेत आणि मुदती आहेत. उत्पन्नाचा दाखला सेतूवरून वेळेत काढून ठेवला तर डिसेंबरातली निम्मी धावपळ वाचते.

खिडकीवर एकट्याने जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या. ‘उद्या या’ हे उत्तर एकट्या मुलाला फार लागतं. दोघं असले की ते उद्या परत जातात.

‘हे फक्त माझंच होतंय’

दुसरा ढीग परकेपणाचा. गावातल्या शाळेत पहिला येणारा मुलगा कॉलेजात आला की शंभरातला एक होतो. शिक्षक प्रमाण मराठीत आणि मध्येमध्ये इंग्रजीत बोलतात. तो घरी वऱ्हाडी किंवा गोरमाटी बोलतो. ‘मले’ म्हटलं तर कुणी हसेल म्हणून तो तोंडच उघडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द पहिल्याच आठवड्यात अंगावर येतात. आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना समजलं आहे, असं प्रत्येकाला वाटत राहतं.

अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलं. ते २०११ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना त्यांनी साधारण तासाभराचं एक काम दिलं. आपण इथले नाही असं पहिल्या वर्षी बहुतेकांना वाटतं आणि काळाबरोबर ते कमी होतं, असे वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांना वाचायला दिले आणि त्यावर लिहायला लावलं. या एका तासाचा परिणाम कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर पुढची तीन वर्षं दिसत राहिला.

हे आपल्याला उद्या करता येईल. आमच्याकडे स्वागत समारंभात पाहुण्यांची भाषणं होतात. त्यातला अर्धा तास तिसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यावा. रिसोडच्या, कारंज्याच्या, मालेगावच्या खेड्यांतून आलेल्या मुलांनी उभं राहून आपल्या भाषेत सांगावं की पहिले दोन महिने मला काहीच समजत नव्हतं, मी स्टँडवर बसून रडलो होतो, आणि मग काय केलं. एका मुलाने वर्गात असं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून तिघांनी हात वर केला, “मी पण जी!” परकेपणावरचा इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

नीटमधून परतलेली मुलं

दरवर्षी बी.एस्सी.ला काही मुलं अशी येतात ज्यांनी अकोल्याला किंवा लातूरला राहून नीटची तयारी केलेली असते. एक वर्ष, कधी दोन. घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं, गावाने त्यांना ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारायला सुरुवात केलेली असते. नंबर लागत नाही. मग ती आमच्याकडे येतात, मान खाली घालून, पहिल्या बाकावर कधीच न बसणारी. पोलीस भरतीत एका गुणाने राहिलेल्यांचंही तसंच.

यात मुलगे फार एकटे पडतात. मुली निदान एकमेकींजवळ रडतात. मुलगा “डोकं दुखते”, “छातीत धडधडते”, “जेवण जात नाई” असं शरीराचं सांगतो. रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइलवर जागतो, सकाळची बस चुकते आणि हजेरी जाते. मग ‘वाया गेला’ हा शिक्का बसतो. अशा मुलाला उपदेश करण्याआधी विचारा, “तुझी झोप कशी आहे?” या प्रश्नाला तो उत्तर देतो, कारण त्यात कमीपणा नसतो. पुढचं बोलणं तिथून निघतं.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर लोकांपर्यंत नेली. तिचं सार या मुलांना लगेच कळतं. नीटमध्ये नंबर लागला नाही ही घटना आहे. ‘म्हणून माझं जगणं फुकट’ हा त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ आहे. घटना बदलत नाही, अर्थ तपासून घेता येतो. “तुझ्या जिवाभावाच्या दोस्ताचा नंबर लागला नसता तर त्याला तू काय म्हणाला असतास?” असं मी विचारते. मुलं दोस्तासाठी जे उत्तर देतात ते फार समंजस असतं. तेच स्वतःला सांगायचा सराव करावा लागतो, रोज.

आणखी एक गोष्ट शास्त्राने नीट तपासलेली आहे. मन लागेल तेव्हा उठू, असं म्हणत पडून राहिलं तर मन आणखी खाली जातं. आधी उठायचं, छोटं काम करायचं, मन मागून येतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने याच तत्त्वावर ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ उभा केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. रुग्णांत चांगली सुधारणा झाल्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये छापले. आपल्या मुलांसाठी ही छोटी कामं म्हणजे सकाळी ठरलेल्या वेळी अंघोळ, वाशीमला असाल तर पद्मतीर्थाकडे एक फेरी, मेसमध्ये कुणासोबत तरी बसून जेवण, एका विषयाची दोन पानं, संध्याकाळी घरी फोन. आठवडाभर कागदावर टिपून ठेवा. कोणत्या कामानंतर बरं वाटलं ते आपोआप दिसतं.

आजार ओळखायचा कसा

तिसरा ढीग आजाराचा. तो ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही, कालावधी मोजता आला पाहिजे. जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: कशातच रस वाटत नाही का, उदास-हताश वाटतं का, झोप बिघडली आहे का, थकवा असतो का, भूक कमी किंवा जास्त झाली आहे का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, लक्ष लागत नाही का, हालचाली मंदावल्या किंवा अस्वस्थ झाल्या आहेत का, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. बहुतेक दिवस असं होत असेल आणि दोन आठवडे उलटले असतील तर डॉक्टरांकडे जायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी जायचं.

हे वय यासाठी नाजूक आहे. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अमेरिकेतला अभ्यास सांगतो की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश आजार वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. शेतकरी आत्महत्यांचं दुःख सोसलेल्या जिल्ह्यात मला हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येत नाही.

मरणाबद्दल थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी शिक्षकांना आणि आई-वडिलांना भीती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने हा गैरसमज असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. शांतपणे विचारा, “जीव नकोसा वाटतो का?” विचारल्याने मूल मोकळं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, ओरडू नका, शपथा घालू नका. सोबत घेऊन दवाखान्यात जा. पोलीस केसच्या भीतीने लपवून ठेवायचंही कारण नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानतो.

जायचं कुठे? टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांनी हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, गरज पडेल त्या रात्री शोधायला लागू नये. जिल्हा सामान्य रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो आणि वाशीमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे. ताप आला की आपण केसपेपर काढतो, तसाच हाही केसपेपर काढायचा.

लोक उपचाराला येतच नाहीत, ही तक्रार खरी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते, गटसभा, समुपदेशक आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच वऱ्हाडी माणसं, तीच गावं. जवळ मदत होती आणि कुणीतरी नीट समजावून सांगितलं, म्हणून ती आली.

आता कुणी काय करायचं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा खटल्यात देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, टेली-मानससारखे क्रमांक ठळक लावावेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. प्रत्येक पालकसभेत आणि ग्रामसभेत हे विचारलं गेलं पाहिजे: आमच्या मुलांच्या कॉलेजात समुपदेशक कोण आहे, कोणत्या दिवशी भेटतो?

प्राचार्यांना माझं सांगणं आहे की पालक-शिक्षकाची नोंदवही तपासणीपुरती ठेवू नका. वेळापत्रकात आठवड्याला एक तास त्यासाठी काढा आणि शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या बाबूंनाही त्या तासाला बसवा. पालकांना विनंती आहे की फोनवर “अभ्यास झाला का?” या प्रश्नाआधी “जेवलास का, झोप झाली का?” विचारा. आणि सोयाबीनचा भाव पडला असेल तर तेही मुलाला सरळ सांगा. अर्धवट ऐकलेलं संकट त्याला पूर्ण संकटापेक्षा मोठं दिसतं.

आणि मुलांनो, आज रात्री एक कोरा कागद घ्या. एका ओळीत एक गोष्ट लिहा. प्रत्येक ओळीपुढे लिहा: खिडकी, माणूस की डॉक्टर. मग उद्या सकाळी त्यातली एक ओळ घेऊन कुणाकडे तरी जा. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाची प्रत्येक ओळ सुटली असं मी म्हणणार नाही. पण कागद घेऊन आलेल्या मुलाची निदान एक ओळ तरी त्याच आठवड्यात हलली, हे मी खात्रीने सांगू शकते. आणि एक ओळ हलली की दुसरीला हात घालायचं बळ येतं.